पांडुरंगाचं गाव कोणतं?

२०२४ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायची नुसती धांदल उडाली होती. आमच्या पिंगळीतही तेच. कुणाचा आधार कार्डावरचा फोटो ओळखू येत नाही, कुणाचं रेशन कार्डावर नाव नाही, कुणाचं नाव आहे तर आडनाव माहेरचं. शेजारच्या घरातली सून भालकीकडची. घरात मराठी बोलणारी, मराठी पोथी वाचणारी, आमच्याइतकीच तिखट आमटी करणारी. पण माहेर कर्नाटकात. जन्म परराज्यातला म्हणून तिला नवऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागला. नियमात सोय होती, काम झालं. तरी पोरगी घरी येऊन गप्पच बसली. बारा वर्षं या गावच्या विहिरीचं पाणी पिऊन आपण इथल्या आहोत हे नवऱ्याच्या कागदावरून ठरावं, हे तिला कुठेतरी लागलं.

तिची सासू मात्र हसत होती. तिचं म्हणणं असं, की तिच्या आईच्या काळी भालकी आणि परभणी एकाच राज्यात होती. निजामाच्या. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यं नव्याने आखली गेली. बिदर तिकडे गेलं, परभणी इकडे आली. माणसं जागच्या जागी राहिली, रेघ तेवढी सरकली.

मैत्रिणींनो, तेव्हापासून एक माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या वर्ध्याचा. त्याने अख्खी पृथ्वी पालथी घातली, दुसऱ्याच्या देशात जाऊन तिथल्या मूळ रहिवाशांच्या शेतात राबला, आणि स्वतःच्या देशात परत यायचं म्हटलं तेव्हा त्याला दारातच अडवलं. त्याचं नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. शाळेच्या पुस्तकात तुम्ही हे नाव वाचलं असेल-नसेल. पण त्याची गोष्ट आपल्या प्रत्येकीला कळेल अशी आहे, कारण माहेर सुटणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

घर सुटलं ते सुटलंच

पांडुरंगाचा जन्म १८८४ च्या नोव्हेंबरातला. बालपण वर्ध्यात गेलं, पुढचं शिक्षण नागपुरात. तो काळ दुष्काळाचा होता. १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ १८९९-१९०० चा. माणसं अन्नान्न करून मेली. पांडुरंग तेव्हा बारा ते सोळा वर्षांचा होता. शेतकरी उपाशी का मरतो, हा प्रश्न त्याला त्या वयात पडला आणि जन्मभर सुटला नाही.

लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेली ती पिढी. १९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केला आणि आशियातला देश युरोपातल्या बलाढ्य सत्तेला हरवू शकतो हे हिंदुस्थानातल्या तरुणांनी पाहिलं. आपणही लष्करी शिक्षण घ्यायचं, या वेडाने पांडुरंग घराबाहेर पडला. आधी जपान, मग अमेरिका. वय विशी-बाविशीचं. पुढची चार दशकं तो घरी राहायला आला नाही. आपल्याकडे लेक सासरी जाते तेव्हा निदान राखी-दिवाळीची आशा असते. या घराला तीही नव्हती.

अमेरिकेत त्यांनी दोन गोष्टी शिकून घेतल्या. कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी शाळेत बंदूक चालवायला शिकले आणि ओरेगन व वॉशिंग्टन राज्यांतल्या महाविद्यालयांत शेतीशास्त्र शिकले. एका हाताने इंग्रज घालवायचा आणि दुसऱ्या हाताने शेतकऱ्याचं पोट भरायचं, असा सरळ हिशेब होता.

प्रजा आणि नागरिक

त्या काळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हजारो हिंदी माणसं लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांत मजुरी करत होती. बहुतेक पंजाबातले शेतकरी. तिथे धर्म कोणताही असो, सगळ्यांना सरसकट हिंदू म्हणत. शीख असला तरी हिंदू, मुसलमान असला तरी हिंदू. १९०७ च्या सप्टेंबरात बेलिंगहॅम या गावात गोऱ्या जमावाने या मजुरांच्या खोल्यांत घुसून त्यांना मारहाण केली आणि गावातून हाकलून दिलं. दाद कुणाकडे मागायची? ही माणसं कागदोपत्री इंग्लंडच्या राजाची प्रजा. पण राजाला त्यांच्याशी देणंघेणं नव्हतं.

पुढे १९१४ मध्ये कोमागाता मारू नावाची बोट ३७६ हिंदी प्रवाशांना घेऊन कॅनडाच्या व्हँकुव्हर बंदरात गेली. कॅनडाही त्याच राजाचा. म्हणजे एकाच मालकाच्या एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जाण्यासारखं. तरी दोन महिने बोट बंदरात ताटकळत ठेवली आणि मोजके लोक सोडून बाकी सगळ्यांना परत पाठवलं. परतल्यावर कोलकात्याजवळ बजबज इथे त्यांच्यावर गोळीबार झाला.

प्रजा आणि नागरिक यातला फरक या माणसांना असा कळला, बरं का. प्रजेकडून कर घेतात, लढाईला माणसं घेतात. नागरिकाला दार उघडावं लागतं.

या रागातून १९१३ मध्ये गदर पार्टी उभी राहिली. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ, पंडित काशीराम अशी मंडळी पुढे होती आणि त्यांत आपले खानखोजेही होते. त्यांच्याकडे लष्करी तयारीची बाजू होती. त्यांचा सोबती होता पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे. पहिलं महायुद्ध सुरू झालं तसे गदरचे लोक उठावासाठी हिंदुस्थानात परतले. उठाव फसला. पिंगळे मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी गेला. वय सत्तावीस.

खानखोजे दुसऱ्या वाटेने निघाले होते. तुर्कस्तानातून इराण, इराणातून बलुचिस्तानच्या सीमेपर्यंत. तिथे इंग्रजांशी चकमकी झाल्या, ते जखमी झाले. नाव बदललं, वेष बदलला, भटक्या जमातींच्या आसऱ्याने राहिले. गंमत बघा. ज्यांच्याकडे कुठल्याच देशाचा कागद नव्हता, ज्यांचे तांडे कुठलीच सीमा मानत नव्हते, अशा माणसांनी या फरारी मराठी तरुणाला जगवलं. कागदवाल्यांच्या जगात त्याला जागा नव्हती.

युद्ध संपलं. जर्मनी हरली. खानखोजे बर्लिनला गेले, १९२१ मध्ये मॉस्कोलाही जाऊन आले. पण हिंदुस्थानात पाय ठेवणं म्हणजे तुरुंग किंवा फास. अमेरिकेतही सोय उरली नव्हती. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला, की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून त्याला अमेरिकेचं नागरिकत्व नाही. ज्यांना आधी मिळालं होतं त्यांतल्या कित्येकांचं काढूनही घेतलं. थिंद स्वतः पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तेही कामाला आलं नाही.

मग राहिलं कुठे? मेक्सिको.

इंडियन म्हणजे नक्की कोण?

१९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत पोचले. चाळिशीला आलेला, घरदार नसलेला, आजवरच्या सगळ्या लढाया हरलेला माणूस. हातात होतं ते फक्त शेतीचं ज्ञान.

इथे थोडं थांबून एक सांगते. कोलंबस १४९२ मध्ये आपल्या देशाला यायला निघाला आणि भलतीकडेच पोचला. तिथल्या माणसांना त्याने इंडियन म्हटलं. चूक त्याची, पण नाव चिकटलं त्या बिचाऱ्यांना. पुढे युरोपातून आलेल्यांनी त्यांच्या जमिनी घेतल्या आणि घरचे धनी घरातच उपरे झाले. एवढंच कशाला, अमेरिकेतल्या सगळ्या मूळ रहिवाशांना नागरिकत्व द्यायला १९२४ साल उजाडलं. शेकडो वर्षं जे तिथेच राहत होते, त्यांना तिथले म्हणायला स्वतंत्र कायदा करावा लागला! आणि १८४८ नंतर अमेरिका-मेक्सिकोची सीमा आखली गेली तेव्हा तोहोनो ओओधाम नावाच्या जमातीच्या मुलखातून मधोमध रेघ गेली. अर्धे भाऊबंद इकडे, अर्धे तिकडे. आपल्या भालकी-परभणीसारखंच, फक्त मधे दोन देश.

मेक्सिकोत परिस्थिती जरा वेगळी होती. तिथे १९१० मध्ये क्रांती झाली होती. बड्या जमीनदारांनी गिळलेली गावांची जमीन परत मिळावी म्हणून एमिलियानो झपाटासारखा शेतकरी नेता लढला आणि १९१९ मध्ये दगाफटक्याने मारला गेला. १९१७ च्या राज्यघटनेने गावांना जमीन परत द्यायचं कबूल केलं होतं. पण परत हवी तर जुने कागद दाखवा, ती तुमचीच होती हे सिद्ध करा, अशी अट. पिढ्यान् पिढ्या तीच माती कसणाऱ्या अडाणी माणसाने कागद कुठून आणायचा? कागद नसेल त्याने सरकारकडे नव्याने जमीन मागायची. म्हणजे स्वतःचीच जमीन दान म्हणून घ्यायची. तुम्हाला हे वाचून आपल्याकडचे आदिवासी आठवले ना? वनहक्काचा कायदा आपल्याकडे २००६ मध्ये आला. त्यात एक शहाणपण मात्र केलं आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली साक्षही पुरावा म्हणून धरता येते.

तर अशा देशात खानखोजे मेक्सिको शहराजवळच्या चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. हे विद्यालय भरत होतं ते एका जुन्या जमीनदाराच्या वाड्याच्या आवारात. मेक्सिकोतले लोक हिंदुस्थानातून आलेल्याला इंडियन म्हणत नाहीत, कारण ते नाव त्यांच्याकडच्या मूळ रहिवाशांना आधीच लागलेलं. म्हणून इथेही आपला माणूस हिंदूच. पण खरा इंडियन कोण, आणि चुकून झालेला इंडियन कोण, हा प्रश्न शेताच्या बांधावर कुणाला पडत नाही. तिथे बियाणं उगवतं की नाही एवढंच बघतात.

मक्याची भाकरी

विद्यालयात शिकायला येणारी मुलं बऱ्या घरची. खरा कष्टकरी शेतकरी तिथवर येणार कसा? मग शाळाच त्याच्याकडे न्यायची, असं खानखोजेंनी ठरवलं. शेतकऱ्यांच्या संघटनांना हाताशी धरून त्यांनी गावोगाव मोफत शेतीशाळा सुरू केल्या. फी नाही, वयाची अट नाही. दिवसा शेतात राबणाऱ्याने यावं आणि बियाणं, खत, पाणी यांचं शिकून जावं. यांतल्या एका शाळेला त्यांनी झपाटाचं नाव दिलं.

त्यांचं मुख्य काम मक्यावर. मका हे मेक्सिकोचं जीव की प्राण. तिथली बाई मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवते, भिजत ठेवते, मग दगडी पाट्यावर वाटते आणि त्या पिठाची पातळ भाकरी तव्यावर टाकते. तिला तोर्तिया म्हणतात. आपल्या पाट्या-वरवंट्याची आणि त्यांच्या पाट्याची ठेवण बघितली तर सख्ख्या बहिणी वाटाव्यात. आणि हो, आपण ज्याशिवाय जेवू शकत नाही ती मिरची तिकडचीच! टोमॅटो, पेरू, सीताफळ, भुईमूग हेही सगळे त्याच बाजूने समुद्र ओलांडून आलेले. आपल्या ठेच्याचं माहेर तिकडे आहे, पण आज ठेच्याला कुणी परका म्हणेल का?

मक्याचा एक रानटी पूर्वज आहे, तिओसिंटे. दिसायला गवतासारखा, कणसात जेमतेम मूठभर कडक दाणे. तिथल्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षं निवडून निवडून त्या गवताचा मका केला. खानखोजेंनी मका आणि तिओसिंटे यांचा संकर करून पाहिला, थंडीला आणि पाण्याच्या ताणाला टिकतील असे वाण शोधले, आणि १९३० मध्ये मक्याच्या नव्या वाणांवर पुस्तिका लिहिली. जे ज्ञान त्या मातीतल्या माणसांचंच होतं, त्याला शास्त्राची जोड देऊन त्यांच्या ओटीत परत घातलं, असं म्हणा ना.

त्या काळातला मेक्सिकोचा सर्वांत मोठा चित्रकार दिएगो रिव्हेरा याच्याशी त्यांची मैत्री होती. मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत रिव्हेराने एक भिंतीचित्र काढलं आहे, रोजच्या भाकरीचं. चित्रात मोठं मेज आहे, भोवती नाना तऱ्हेची माणसं जमली आहेत, आणि मेजाच्या मुख्य जागी बसून भाकरी मोडून वाटणारा जो माणूस आहे, त्याला चेहरा आपल्या खानखोजेंचा दिला आहे. घरातल्या वडीलधाऱ्याची जागा एका परक्याला! परक्या देशाने याहून मोठा दाखला कोणता द्यायचा?

दार उघडेना

१९३६ मध्ये त्यांनी लग्न केलं. पत्नी बेल्जियमची, नाव जान सिंडिक. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. वडील वर्ध्याचे, आई बेल्जियमची, जन्मभूमी मेक्सिको आणि लेकींची नावं अशी मराठी घरातली. ज्या घराला त्यांनी तीस वर्षं पाहिलं नव्हतं, ते त्यांनी मुलींच्या नावांत जपून ठेवलं होतं.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. ज्याच्यासाठी घर सोडलं ते झालं. आता परत जायचं! १९४९ मध्ये त्यांनी भारतात येण्यासाठी व्हिसा मागितला. हो, व्हिसा. परक्या माणसाला लागतो तसा. आणि तो नाकारला गेला.

का? तर इंग्रज सरकारने केलेल्या काळ्या यादीत त्यांचं नाव होतं. इंग्रज गेले, त्यांचा झेंडा उतरला, पण त्यांची यादी कपाटात तशीच राहिली. ज्या अपराधासाठी नाव घातलं तो अपराध म्हणजे देशावरचं प्रेम. आणि ती यादी बघून नकार देणारं सरकार आपलं, स्वतंत्र भारताचं. पासष्टीच्या त्या माणसाला काय वाटलं असेल? लेक सगळं सोडून माहेरी यावी आणि उंबऱ्यावर नव्या वहिनीने तिला तू कोण म्हणून विचारावं, तसंच काहीतरी.

पुढे बंदी उठली. खानखोजे भारतात आले आणि कुटुंबासह नागपुरात स्थायिक झाले. मला या गोष्टीत राहून राहून जानबाईंची आठवण येते. बेल्जियममधून मेक्सिको, मेक्सिकोतून नागपूर. नवऱ्याला चाळीस वर्षांनी त्याचं गाव मिळालं, तेव्हा तिचं सुटलं होतं. नागपूरचं ऊन, नवी भाषा, नवं स्वयंपाकघर, आणि शेजारणींचा ठरलेला प्रश्न, तुम्ही मूळच्या कुठल्या? या प्रश्नाचं उत्तर पुरुषाला एकदा द्यावं लागलं तर त्याचं चरित्र होतं. बाई ते आयुष्यभर देत राहते आणि कुणी लिहूनही ठेवत नाही. खानखोजेंच्या बाबतीत निदान लेकीने लिहून ठेवलं. सावित्री यांनी वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. मराठीत एक होता कार्व्हर लिहिणाऱ्या वीणा गवाणकरांनीही त्यांच्यावर पुस्तक केलं. मिळालं तर जरूर वाचा.

खानखोजे नागपूरला आले तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होतं आणि आपली परभणी हैदराबाद राज्यात. १९५६ मध्ये दोन्ही मुंबई राज्यात आली, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. म्हणजे घरी परतलेल्या या माणसाच्या गावाचा पत्ता पुन्हा दोनदा बदलला, तोही त्याने जागचं न हलता. २२ जानेवारी १९६७ ला नागपुरात त्यांचं निधन झालं.

२०२२ च्या सप्टेंबरात चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला. भारताच्या लोकसभेच्या अध्यक्षांनी जाऊन त्याचं अनावरण केलं. ज्याला एकेकाळी व्हिसा नाकारला, त्याच्या पुतळ्यासमोर देश हात जोडून उभा राहिला. उशीर झाला, पण झालं.

परभणीला आपलं कृषी विद्यापीठ आहे. आपल्या घरातली पोरं तिथे शिकतात, कुणी कापसावर काम करतं, कुणी ज्वारीवर. त्यांना एकदा या पांडुरंगाची गोष्ट सांगा. आणि शेजारच्या सुनेला पुन्हा कुणी तू कुठली म्हणून विचारलं, तर तिच्या वतीने आपणच पुढे होऊ या. तिने इथे लावलेल्या तुळशीपासून इथे मोठ्या केलेल्या लेकरांपर्यंत सगळं तिच्या नावावर जमा आहे. कागद काय, तो लागतोच, आपण जोडत राहू. पण गावातल्या वडीलधाऱ्या बायांची साक्षही पुरावा असते, हे विसरायचं नाही. ती द्यायला आपण आहोत की!